आजारपण काढणाऱ्याच्या अंगात काय चालतं

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ बायकांच्या हातावर, कोपराच्या खाली, साडेतीन मिलिमीटरची एक छोटी जखम केली. अर्थात त्यांची परवानगी घेऊनच. यातल्या १३ जणी घरात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करत होत्या. उरलेल्या १३ जणींचं वय आणि घरची मिळकत साधारण तेवढीच होती, पण त्यांच्यामागे कुणाचं आजारपण नव्हतं. मग जखम पूर्ण भरायला कुणाला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटातल्या बायकांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्या बायकांना जवळजवळ ४९ दिवस लागले.

जखम तीच, वयही तेच. तरी नऊ दिवसांहून जास्त फरक पडला. सेवा करणाऱ्या बायकांचं रक्त तपासलं तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे द्रव्य कमी तयार करत असल्याचं दिसलं. कातडी फाटल्यावर दुरुस्तीचं काम सुरू करणाऱ्या निरोपांपैकी हा एक. काळजी, चिडचिड, अपुरी झोप, उद्याची धास्ती हे सगळं ‘मनात’ असतं असं आपण समजतो. ते कातडीपर्यंत पोचतं याचा इतका साधा पुरावा मला दुसरा सापडला नाही.

हे मी सांगली-मिरजेकडच्या वाचकांना मुद्दाम सांगते आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि मिरज हे दूरदूरच्या पेशंटांचं गाव झालं. जत, आटपाडी, सोलापूर, विजापूर, बेळगावकडची माणसं इथे येतात. पेशंट एक असतो आणि त्याच्यासोबत दोन-तीन माणसं असतात. राउंडला आल्यावर सिस्टर विचारतात, “पेशंटजवळ कोण आहे?” मग कॉटखालची सतरंजी गुंडाळत, पदर सावरत एक बाई उभी राहते. औषधाच्या चिठ्ठ्या, रिपोर्टची पिशवी, डब्याची सोय, बिलाची जुळवाजुळव हे सगळं तिच्याकडे असतं. तिचं बीपी कुणी बघत नाही. तिची फाईल नसते.

तिच्या शरीरात काय घडत असतं ते आधी नीट बघू.

रात्री दोन वाजता शेजारच्या कॉटवरचं मशीन वाजतं. तिच्या काळजात धस्स होतं. आपल्या पेशंटचं मशीन नाही हे कळायच्या आधीच तिच्या शरीराने तयारी सुरू केलेली असते. मेंदूत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो, त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की तो हायपोथॅलॅमस या भागाला उठवतो. तिथून मज्जातंतूंमार्फत निरोप जातो तो मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना. त्या रक्तात अॅड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, बीपी वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पचन मंदावतं, घशाला कोरड पडते, तळव्यांना घाम सुटतो. पळायला किंवा लढायला लागणारी सगळी सामग्री काही सेकंदांत हजर होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्येच हे सविस्तर मांडून ठेवलं होतं. भीती आणि राग या शरीराला कामाला लावणाऱ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून माहीत आहे.

याच्या मागोमाग दुसरी, सावकाश चालणारी साखळी सुरू होते. हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरी ग्रंथीला, तिच्याकडून पुन्हा अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. कॉर्टिसॉल वाईट नाही. ते नसेल तर माणूस जगणार नाही. रोज सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ते रक्तातली साखर टिकवून धरतं आणि सूज व प्रतिकारशक्ती आवरून ठेवतं. संकट तासाभराचं असेल तर हे सगळं हिताचंच. घोटाळा होतो तो संकट महिनोन्‌महिने चालतं तेव्हा. विहिरीतलं पाणी तळाला गेलं तरी मोटर चालूच राहिली, तर मोटरचं काय होतं हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. झोप तुटते, कॉर्टिसॉलची दिवसरात्रीची लय बिघडते, बीपी खाली यायचं विसरतं, सर्दी-खोकला सारखा मागे लागतो. १९९१ मध्ये शेल्डन कोहेन यांनी जवळजवळ चारशे निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले होते. विषाणू सगळ्यांना मिळाला. पण ज्यांच्या आयुष्यात ताण जास्त होता, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि ताण जसा चढत गेला तसं हे प्रमाणही चढत गेलं.

भावना शरीराला शिकवूनही ठेवतात. सांगलीकराला हे वेगळं समजावायला नको. २००५ चा पूर, मग ऑगस्ट २०१९ चा, जेव्हा आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि लगेच २०२१ चा. इथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. तेव्हापासून जुलै उजाडला की गावभागातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, “आयर्विनला किती झालं?” कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी मोबाइलवर येते आणि पाणी कुठेही आलेलं नसताना हातपाय गार पडतात. कौलांवर पावसाचा आवाज वाढला की पोटात गोळा येतो. असं होणारी माणसं भित्री नाहीत. पावसाचा आवाज आणि घर बुडणं या दोन गोष्टी त्यांच्या मेंदूने एकत्र बांधून ठेवल्या आहेत, आणि मेंदू ही गाठ सहजासहजी सोडत नाही, कारण पुढच्या वेळी जीव वाचवायचा तो याच गाठीने. दवाखान्यात महिनाभर काढलेल्या माणसाचंही असंच होतं. डिस्चार्ज मिळून सहा महिने झाले तरी फिनेलचा वास आला की छाती भरून येते.

आता घरातला एक रोजचा प्रश्न. सासूबाईंना साखरेचा आजार आहे. पथ्य काटेकोर आहे, गोळ्या वेळेवर आहेत, तरी शुगर वाढलेली येते आणि सून म्हणते, “चोरून काहीतरी खाल्लं असणार.” खाल्लं असेलही. पण मुलाचं ऑपरेशन जवळ आलेलं असेल, घरात वाटणीची भांडणं चालू असतील, चार रात्री डोळा लागला नसेल, तर न खाताही शुगर वाढते, कारण अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल दोन्ही रक्तात साखर आणतात. रिपोर्ट हातात घेतल्यावर म्हाताऱ्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी “या आठवड्यात झोप कशी होती?” एवढं विचारून बघावं. डॉक्टरांनाही तेवढं सांगावं. डोस बदलायचा की नाही हे ठरवताना त्यांना त्याचा उपयोग होतो.

सेवेकडे परत येते, कारण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते त्याबद्दल. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वयस्क माणसांचा चार वर्षं मागोवा घेतला होता. सेवा करताना ज्यांच्यावर मानसिक ताण पडत होता, त्यांचा या काळात मृत्यू होण्याचा धोका सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा पुष्कळांनी ऐकलेला असतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. जे सेवा करत होते पण ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे आजारी माणसाला भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं या कामाने आयुष्य घटलेलं दिसलं नाही. ते काम कोणत्या अवस्थेत करावं लागतं त्यावर सगळं आलं.

आणि आपल्या घरांत ते कोणत्या अवस्थेत होतं? बहुतेक वेळा एका माणसाच्या माथी. बहुतेक वेळा ते माणूस बाई असतं, आणि त्यातही सून, नाहीतर लग्न न झालेली किंवा परत आलेली मुलगी. पुण्याचा मोठा मुलगा रोज रात्री फोन करतो, “बाबांना प्रोटीन द्या, चालवा जरा, कोल्हापूरला दुसरा डॉक्टर बघितला का?” पैसेही पाठवतो, नाही असं नाही. पण रात्री तीनदा उठून डायपर बदलणाऱ्या बाईला तो सल्ला चाबकासारखा लागतो, आणि तिला राग आला तर घरातलेच म्हणतात, “एवढं काय झालं चिडायला?” हा अन्याय आहे, आणि मला तो सौम्य शब्दांत मांडायचा नाही.

राग तर येतोच. त्याच्या पोटात आणखीही भावना असतात, ज्या कुणी कुणाला सांगत नाही. किळस येते. कंटाळा येतो. सासऱ्यांना अंघोळ घालताना लाज वाटते, त्यांनाही वाटते. “यातून सुटका होऊ दे, त्यांची आणि आमचीही” असा विचार मनात येऊन जातो आणि पुढच्या क्षणी आपण किती पापी आहोत असं वाटून जीव कासावीस होतो. आजारपण काढलेली माणसं दोन घटका मोकळी बोलायला बसली की हे सगळं बाहेर येतं, आणि प्रत्येकीला वाटत असतं की असा विचार आपल्या एकटीच्याच मनात आला. तो जवळजवळ सगळ्यांच्या मनात येतो. प्रेम असतानाही येतो. दमलेल्या शरीरातून तो येतो, आणि तो आल्याने कुणाचं आयुष्य कमी होत नाही. अपराधीपणाचं ओझं मात्र खरं असतं. ते रोज वाहिलं की शरीरातल्या त्या विहिरीवरच्या मोटरसारख्या यंत्रणेला विसावाच मिळत नाही.

“पेशंटसमोर रडायचं नाही” हा आपल्याकडचा पक्का नियम. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण तोंडावर काही दाखवायचं नाही असं ठरवल्याने आत काय होतं हे मोजलं गेलं आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७ च्या अभ्यासात तरुण मुलींना दुःखी चित्रफीत दाखवली आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. त्यांनी चेहरा कोरा ठेवला. आतलं दुःख तेवढंच राहिलं, आणि हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढला. २००३ मध्ये एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं पाहिलं. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन-दोन मुलींना अस्वस्थ करणाऱ्या विषयावर बोलायला बसवलं. एकीने भावना लपवल्या, तर समोरच्या मुलीचं बीपी वाढलं. तिला कारण माहीत नव्हतं. तिच्या शरीराने ओळखलं की समोर काहीतरी झाकलं जातंय.

कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर डॉक्टरांचा हात धरून “त्यांना काही सांगू नका हो, खचतील” म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत. आत पेशंट पडलेला असतो आणि सगळं जाणून असतो. लोक एकदम गोड बोलू लागले, धाकटी लेक सासरहून अवचित आली, जमिनीच्या कागदांची कुजबुज सुरू झाली, यावरून कुणीही समजून जातं. मग तोही घरच्यांसाठी न कळल्याचं सोंग करतो. दोघंही एकमेकांना जपतात आणि दोघंही एकटे पडतात. प्रत्येक पेशंटला सगळं एकाच दिवशी सांगावं असं मी म्हणत नाही. काहींना खरंच ऐकायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. पण “तुम्हाला किती माहीत असलेलं आवडेल?” हे त्यालाच विचारता येतं. चांगले डॉक्टर हे विचारतात. आणि डोळ्यांत पाणी आलं तर “तुमची काळजी वाटते म्हणून येतं” एवढं बोलून पुढे भात भरवायला हरकत नसते. पेशंट त्याने खचत नाही, उलट बोलू लागतो.

भावना बाहेर काढायची म्हणजे आरडाओरडा करायचा असंही नव्हे. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये लोकांना घाबरलेल्या, रागावलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचं चित्रण केलं. फोटोतल्या भावनेला नाव द्यायला सांगितलं की अमिग्डलाची धावपळ कमी झालेली दिसली. रोजच्या वापरात हे फार सोपं आहे. “काही नाही, ठीक आहे” म्हणण्याऐवजी “आज मला भीती वाटतेय” किंवा “मला दादाचा राग आलाय” असं नेमकं म्हणायचं. बहिणीला फोनवर, शेजारणीला, नाहीतर वहीच्या मागच्या पानावर.

पेशंटच्या भावना हा आणखी मोठा भाग आहे, आणि त्यात गैरसमज पुष्कळ. लकवा मारलेल्या माणसांपैकी साधारण तिघांतल्या एकाला पुढे नैराश्य येतं. हातपाय गेल्याचं दुःख त्यात असतंच, पण मेंदूला इजा झाल्यानेही मनःस्थिती बदलते. असा माणूस व्यायाम करत नाही, जेवायचं टाळतो, भिंतीकडे तोंड करून पडतो. घरचे म्हणतात, “मनावरच घेत नाहीत.” मनावर घेण्याचं इंद्रियच दुखावलेलं असतं. फिजिओथेरपीइतकाच नैराश्यावरचा उपचार त्याला लागतो आणि त्याने फरक पडतो. काही जण कारण नसताना हुंदके देऊन रडतात किंवा भलत्या वेळी हसत सुटतात. दुखवट्याला आलेल्या लोकांसमोर वडील हसले म्हणून घर शरमून जातं. भावना चेहऱ्यावर किती आणावी याचा ताबा मेंदूतल्या ज्या जोडण्यांकडे असतो, त्या लकव्यात तुटू शकतात. हसणाऱ्या माणसाला आत हसू आलेलं नसतं. यावर औषधं आहेत. न्यूरॉलॉजिस्टना हे आवर्जून सांगावं, कारण तपासणीच्या पाच मिनिटांत ते दिसेलच असं नाही.

स्मृतिभ्रंशाबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात अल्झायमर झालेल्या १७ जणांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांनी बहुतेकांना चित्रफितीतलं जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. पण तिने आणलेली मनःस्थिती त्यानंतरही टिकून होती. आजीला आपण रागावतो आणि म्हणतो, “जाऊ दे, तिला कुठे लक्षात राहतंय.” शब्द राहत नाहीत. दुखावल्याची कळ राहते, आणि तिचं कारण सापडत नसल्यामुळे ती जास्त बावरते. हाच नियम चांगल्या बाजूनेही चालतो. नातवाने मांडीवर डोकं ठेवलं, जुना अभंग लावला, डोक्याला तेल चोळलं, तर तासाभराने तिला त्यातलं काही सांगता येणार नाही, पण संध्याकाळ शांत जाईल.

तेल चोळण्यावरून आठवलं. स्पर्श हे आपल्या हातातलं बिनपैशाचं साधन आहे. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना मेंदू-चित्रणाच्या यंत्रात ठेवून शॉक बसण्याची धास्ती दिली. नवऱ्याने हात धरला की मेंदूतली धोक्याची खळबळ कमी होत होती. अनोळखी माणसाने धरला तर थोडीच कमी. ज्यांचं नातं घट्ट होतं त्यांच्यात फरक सर्वांत जास्त. आपल्याकडे मोठा झालेला मुलगा बापाचा हात हातात घेत नाही, संकोच वाटतो. पाय चेपायला मात्र कुणी अडवत नाही. पाय चेपावेत, पाठीला पावडर लावावी, सुई टोचताना खांद्यावर हात ठेवावा. आपल्या रिवाजात या स्पर्शांना जागा आहे, आणि शरीराला त्याचा फायदा होतो.

मात्र इथे एक इशारा देते. “मन खंबीर ठेव, कॅन्सर पळून जाईल” असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. १९८९ मध्ये एका अभ्यासाने आशा दाखवली होती की गटात बसून मन मोकळं करणाऱ्या कॅन्सरग्रस्त स्त्रिया जास्त जगतात. मग २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी शरीरात पसरलेला स्तनांचा कॅन्सर असलेल्या २३५ स्त्रियांवर तेच पुन्हा तपासलं. आयुष्य वाढलं नाही. मनाची अवस्था सुधारली आणि वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांना. एवढं पुरेसं मोठं आहे. वेदना कमी होणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. पण गाठ वाढली म्हणजे पेशंटचं मन कच्चं होतं, असा अर्थ काढणं क्रूरपणाचं आहे. मरणाच्या दारातल्या माणसाच्या माथी तो दोष मारू नये.

याची दुसरी बाजू आपल्या दवाखान्यांत रोज दिसते. अंग मोडून आलंय, डोकं जड, हातापायांत मुंग्या, जेवण जात नाही, झोप नाही. बाई तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाते, म्हणते “ताकदीचं सलाइन लावा.” सलाइन लागतं, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मग तिला म्हणतात, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” दुखणं खोटं नसतं. नैराश्य आपल्याकडे पुष्कळदा अंगदुखी आणि अशक्तपणा होऊनच दारात येतं. शेजारच्या गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने यावर मोठं काम केलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या गंभीर नैराश्याच्या रुग्णांशी, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी सहा ते आठ बैठकांत बोलायचं, आणि पूर्वी आवडणाऱ्या छोट्या छोट्या गोष्टी पुन्हा सुरू करून द्यायच्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांसोबत या बैठका मिळालेले रुग्ण जास्त संख्येने बरे झाले. भजनी मंडळ सोडून दिलेल्या बाईला पुन्हा मंडळात बसवणं हा उपचाराचा भाग होऊ शकतो, एवढा याचा अर्थ.

उलट चूकही होते आणि ती जिवावर बेतते. छातीत दुखतंय, दम लागतोय, घाम फुटलाय, तर ते ‘टेन्शन’ किंवा ‘गॅस’ म्हणून झटकू नका, बाईच्या बाबतीत तर मुळीच नको. आधी ईसीजी. आणि तीव्र धक्क्याने खरोखर हृदय दुबळं होऊ शकतं. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलेल्या ताकोत्सुबो या आजारात मोठ्या दुःखानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून अशक्त होतो. रक्तवाहिनीत अडथळा नसतो, पण लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात. उतारवयातल्या बायकांत तो जास्त आढळतो. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात, पण रुग्णालयात नेलं तर. मयताच्या घरी कुणाच्या छातीत कळ आली तर “दुःखाने होतंय” म्हणून पाणी पाजत बसू नये.

मग घरात करायचं काय? माझ्या मते सगळ्यांत आधी झोपेची वाटणी. पैशांची वाटणी आपण करतो, रात्रींची करत नाही. आठवड्यातून निदान दोन रात्री मुख्य सेवा करणाऱ्या माणसाने वेगळ्या खोलीत, फोन बंद करून झोपायचं, आणि त्या रात्री दुसऱ्या कुणीतरी उठायचं. दुसरं माणूस घरात नसेल तर पुण्याहून पाठवलेल्या पैशांतून रात्रीची मावशी लावायची. मुलाच्या फोनमधल्या सल्ल्यापेक्षा ती सोय जास्त कामाची. ते जमेपर्यंत, पेशंटला डुलकी लागली की शेजारी बसून पाच मिनिटं श्वास सावकाश करायचा. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडण्याचा श्वास जरा लांब. इटलीच्या लुसियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेवरची प्रार्थना आणि मंत्र म्हणताना श्वास आपोआप याच गतीला येतो, आणि बीपी सांभाळणारी शरीराची यंत्रणा त्याने जास्त तत्पर होते. ज्याला हरिपाठ येतो त्याने हरिपाठ म्हणावा, लय सावकाश ठेवून.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो डॉक्टरांना दाखवण्याचा आजार आहे. पेशंटला दाखवायला जाल तेव्हा स्वतःसाठीही केसपेपर काढा. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल, किंवा पेशंटवर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

आणि जे फक्त भेटायला जातात त्यांच्यासाठी. आमच्या घरी सासूबाईंचं आजारपण चाललं होतं तेव्हा पुष्कळ माणसं सफरचंदं घेऊन आली, अर्धा तास बसली, चहा घेऊन गेली. तो चहा करायलाही मीच उठत होते. विश्रामबागेतल्या एक काकू मात्र दर गुरुवारी चारला यायच्या, चप्पल काढता काढताच म्हणायच्या, “तू जा, सहापर्यंत मी आहे.” भेटायला जाणार असाल तर असं जा. वार आणि वेळ आधी सांगा, औषधं कुठे ठेवलीत ते विचारून घ्या, आणि दोन तास खरंच बसा.